एका बाजूची धार

माझ्या चाकूला कुणी हात लावलेला मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो थयथयाट केला तो ऐकून कुणी मला कजाग म्हणायला नको. म्हणायचंच असेल तर म्हणा बापडे, घरात दुसरं काय म्हणतात!

मी नर्सरीत कलमं बांधते. एका झाडाची काडी कापायची, दुसऱ्या रोपाच्या खोडात बसवायची, पट्टी गुंडाळायची आणि दोघांचं जमेपर्यंत वाट बघायची. ऐकायला सोपं आहे. नवीन आलेल्या पोरींनाही सोपंच वाटतं, पहिल्या शंभर काड्या वाळेपर्यंत.

या कामाला लागतो तो मिटणारा चाकू. खिशात मावेल एवढाच, पण काय एकेक डोकं चालवलंय तो बनवणाऱ्यानं! मूठ लाकडाची, मधे किंचित फुगीर, म्हणजे घामानं हात ओला झाला तरी सटकत नाही. मुठीच्या पाठीत पोलादाची पट्टी आहे. ती पात्याला उघडं तर पूर्ण उघडं आणि मिटलेलं तर पूर्ण मिटलेलं ठेवते, अधेमधे लोंबकळायची सोय नाही. उघडताना टक्, मिटताना टक्. ज्या बाईच्या चाकूचा टक् ऐवजी खळखळ आवाज येतो, तिची कलमं मी न बघता सांगते कशी असतील. पात्यावर नख अडकवायला खाच, आणि मुठीच्या शेपटाला साल उचलायला पितळेची छोटी जीभ. एक खिळासुद्धा उगाच मारलेला नाही.

पण खरी गोम आहे धारेत. या पात्याला उतार एकाच बाजूनं असतो. दुसरी बाजू सपाट, अगदी आरशासारखी. ती सपाट बाजू काडीवर टेकवून एकदाच ओढली की काप सरळ येतो. दोन्हीकडून उतार असला की पातं लाकडात बुडी मारतं आणि कापाला पोट पडतं. मग काडी आणि खोड यांच्यात फट राहते, फटीत वारा शिरतो आणि काडी वाळते. एवढंच सगळं शास्त्र आहे.

म्हणून मी त्याचे लाड करते. काम झालं की पात्यावरचा चीक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. सांध्यात अडकलेली धूळ काडीनं काढायची, तेलाचा एक थेंब सोडायचा, दोनचारदा उघडमीट करायची आणि सुटलेलं तेल टिपून घ्यायचं. धार लावताना उताराची बाजू दगडावर घासायची. सपाट बाजू फक्त शेवटी दगडावर आडवी निजवून हलकेच सरकवायची, काठावर आलेली बारीक मुरड निघण्यापुरती. आमच्या नर्सरीत कुणी कुणाचा चाकू मागत नाही. ज्याच्या त्याच्या हाताच्या वळणानं पातं झिजलेलं असतं, दुसऱ्याच्या हातात ते नीट चालतच नाही.

आता आमच्या ह्यांच्याविषयी. ह्यांचं सलून होतं. गिऱ्हाइकं त्यांना वस्ताद म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. ह्यांचा वस्तरा गालावरून फिरला तरी माणसाला पत्ता लागायचा नाही, बोलता बोलता डोळे मिटायचे लोक. घरात दोन धारवाली माणसं, त्यामुळे लग्न झाल्यावर आठवड्याभरातच आमचा तह झाला होता: माझ्या चाकूला त्यांनी हात लावायचा नाही, त्यांच्या वस्तऱ्यांना मी नाही. बाकी सगळ्या गोष्टींवर आम्ही कडाकडा भांडलो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहात आधी साखर की आधी पूड. ह्यांनी कधी माझा एक शब्द बिनविरोध जाऊ दिला नाही आणि मी त्यांचा.

गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं कुणाकुणाला, गोळ्या घ्या, घाबरण्यासारखं काही नाही. हे घाबरले नाहीतच. एके दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कानाला जरासं लागलं. तो माणूस हसला, म्हणाला, "अहो वस्ताद, कान दोन आहेत, एवढं काय मनाला लावून घेता!" ह्यांनी त्याच्या कानाला तुरटी लावली, वस्तरा पुसला, शटर खाली ओढलं आणि घरी आले. महिन्याभरात सलूनची जागा शेजारच्या गॅरेजवाल्याला विकूनसुद्धा टाकली.

आणि मग गप्प बसले. आजारी माणूस कण्हतो तरी, ह्यांचं तेही नाही. भाजी खारट झाली का विचारलं, तर "चालेल." खिडकी लावू का? "चालेल." मी मुद्दाम चहात पूड आधी टाकली, त्यांच्यासमोर, डबा आपटून. चालेल! ज्या माणसानं आयुष्यात माझं काही म्हणजे काही चालवून घेतलं नाही, तो प्रत्येक गोष्टीला चालेल म्हणायला लागला. हा माणूस हातातून चाललाय, हे मला कळत होतं. पण कुठून धरून ठेवावा ते कळत नव्हतं.

सलूनच्या मागच्या नळाशी एक पेरूचं झाड होतं. कुणी लावलं नव्हतं. कुठल्या तरी गिऱ्हाइकानं थुंकलेल्या बीचं उगवलं असणार. पण फळ काय होतं! आतून गुलाबी, बिया नावाला, आणि पेरू पिकला की दाढी करायला बसलेला माणूस वासानं मान वळवायचा. हे ओरडायचे, "मान सरळ ठेवा, पेरू देतो नंतर!" पेरूचं असं असतं की त्याची बी पेरून तसंच फळ मिळत नाही. कसला तरी भलताच पेरू येतो. म्हणजे त्या चवीचं जगात ते एकच झाड.

गॅरेजवाल्याला तिथे गाड्या धुवायची शेड घालायची होती. माणूस सरळ आहे, घरी येऊन सांगून गेला, की वस्ताद, पुढच्या आठवड्यात झाड काढावं लागेल. हे म्हणाले, "चालेल." रात्री मात्र ताटावरून अर्धवट उठले. हात धुता धुता, नळाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपलं आपण आलं होतं. आता जाईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जाईल कसं? मी इथे काय भजी तळते का? कलमं बांधते कलमं! तुमचं झाड मी मरू द्यायची नाही."

ह्यांनी मान वर केली. "होईल?"

कितीतरी महिन्यांनी ह्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "होईल म्हणजे? होणारच!" बोलून बसले. आता कलम लागलं नाही तर झाडाबरोबर हा माणूसही कायमचा चालेल म्हणत बसणार, हे मला तेव्हाच लख्ख दिसलं. पण जीभ माझी, ती कुठे थांबते.

दुसऱ्याच दिवशी जाऊन मी झाडावरच्या चांगल्या काड्यांची पानं खुडली. पानं खुडली की काडीवरचे डोळे फुगतात आणि कलम लवकर धरतं. नर्सरीतून पेरूची रोपं पिशव्यांसकट आणून परसात मांडली. झाड तोडायच्या आदल्या दिवशी नर्सरीत नुसत्या मातीच्या पिशव्या भरायचं काम होतं, म्हणून चाकूच्या सांध्यात तेल सोडून तो घरीच टेबलावर ठेवून गेले. उद्याच्या कामाला मऊ चालावा म्हणून. तीच माझी चूक. पण अशी चूक होईल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

झाड तोडायच्या दिवशी सकाळी मी नर्सरीतल्या कात्रीनं काड्या कापून आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, डोळे टपोरे फुगलेले, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. मी गल्लीच्या टोकाला पोचते तोच मागे करवतीचं मशीन सुरू झालं. हे आले नव्हते. "मला नाही बघवणार," म्हणाले होते. म्हणजे आता झाड नाही. जे काही होतं ते माझ्या फडक्यात, आणि फुगलेले डोळे थांबत नाहीत. उन्हाळा तापला होता. संध्याकाळपर्यंत बांधून व्हायला हवं होतं, नाहीतर काड्या मान टाकणार.

परसात स्टुलावर बसले. चाकू उघडला. टक्. पातं असं चकाकत होतं की मला माझंच नाक दिसलं. मला वाटलं, तेलानं असेल. पहिली काडी घेतली, पातं टेकवलं, ओढलं.

कापाला पोट.

माझा हात चुकला असेल म्हणून दुसरी घेतली. पुन्हा पोट. तिसरी घेतली तेव्हा श्वास रोखून, जीव मुठीत धरून ओढलं, तर पातं लाकडात शिरून वाकडंच वर आलं. चौथी काडी वाया गेल्यावर मी पातं उन्हात धरलं आणि बघितलं. माझ्या सपाट बाजूला, आरशासारख्या बाजूला, काठालगत एक सुंदर उतार होता. दुसऱ्या बाजूला तेवढाच. दोन्ही बाजू अगदी सारख्या.

"माझ्या चाकूला हात कुणी लावला?"

हे आतून लगबगीनं आले. आणि काय सांगू, चेहऱ्यावर चक्क हसू! "बघितलंस? काल दिवसभर बसलो होतो. अगं, इतकी वर्षं तुझ्या चाकूला कुणी गाढवानं एकाच बाजूनं धार लावली होती. एक अंग नुसतं बोथट, सपाट! माझ्या घरात असा चाकू? म्हटलं, उद्या तिचं मोठं काम आहे. दोन्ही बाजू वस्तऱ्यासारख्या सारख्या करून टाकल्या. केस तोडून बघ."

तो गाढव म्हणजे मी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वस्तऱ्याला दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर न्हाव्याची अब्रू जाते. ह्यांनी जन्मभर तेच केलं होतं, एक फेरा इकडून, एक फेरा तिकडून. बायकोच्या हत्याराची दया येऊन बिचाऱ्यांनी दिवसभर खपून त्याची वाट लावली होती.

पण हा विचार नंतरचा. त्या क्षणी माझा पारा असा चढला की विचारू नका. "केस तोडू? केस तोडू म्हणता? अहो, ही काय कुणाची दाढी आहे? कुणी सांगितली होती नसती उठाठेव? सपाटच ठेवायची असते ती बाजू! तिच्या जिवावर माझं सगळं काम चालतं! चार काड्या गेल्या, चार! तिकडे झाड आडवं झालं, आता कुठून आणू मी काड्या? तुमच्या डोक्यावरून?"

ह्यांचं हसू विझलं. एवढंसं तोंड झालं. आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "खरंय. या हातात आता काही राहिलं नाही. हात लावला ते बिघडलंच." आणि वळून आत निघाले.

हे आत गेले तर परत बाहेर येणार नाहीत, हे मला इतकं स्वच्छ कळलं की मी जाऊन दंडच धरला. पण गोड बोलायला मला कुठे येतं? मी म्हटलं, "कुठे चाललात? बिघडवलाय तुम्ही, नीट मी करू काय? आणा तो तुमचा दगड. खरखरीत आधी, मग मऊ."

"माझा हात थरथरतो गं."

"मग दोन्ही हात ठेवा पात्यावर. वस्तरा धरताना हात हवेत असतो म्हणून थरथरतो. इथे पातं दगडावर पालथं निजवायचं आणि वरून दाबायचं. दाबलेला हात कसा थरथरेल? बघू तर."

दगड आला. पाणी आलं. मी काळ्या पेनानं सपाट बाजू रंगवून दिली, म्हणजे कुठे घासलं जातंय ते दिसेल. ह्यांनी पातं दगडावर निजवलं, त्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि पहिला फेरा मारला. हात हलला नाही. म्हणजे मागेपुढे हलला, पण जसा हवा तसाच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, उगाच नजर लागायला नको.

काठालगतचा तो उतार जायला हवा तर अख्खी बाजू तेवढी खाली उतरायला हवी. दगडावर काळं पाणी जमत होतं, हे दगड धुवत होते, पुन्हा घासत होते. मधेच पातं उन्हात धरून एक डोळा मिटून बघायचे. काठावर उताराची चकाकती रेघ दिसायची, आधी दोऱ्याएवढी, मग केसाएवढी. मी म्हटलं, "झालं असेल." तर म्हणाले, "काही झालं नाही. टोकाकडे आहे अजून. तुला दिसत नाही, मला दिसतंय." मी टोकाकडे बघितलं. होती रेघ. जेवायची वेळ टळून गेली. मी काड्यांवरचं फडकं पुन्हा ओलं केलं, दोनदा, तीनदा. एका काडीचा डोळा काळवंडायला लागला होता. मी ती मुकाट्यानं बाजूला काढली, ह्यांना सांगितलं नाही.

शेवटी मऊ दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. ह्यांनी चाकू पुसला, मिटला आणि माझ्या हातात दिला. उघडाच देऊ शकले असते. पण हत्यार देताना मिटून द्यायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

वाया गेलेल्या काड्यांतली एक घेऊन मी तिचे दोन काप घेतले आणि समोरासमोर जुळवून उजेडाला धरले. फटीतून उजेड दिसला तर संपलं. दिसला नाही. मी डोळे बारीक करून बघितलं. तरी नाही.

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरं?" ह्यांचा आवाज चढला. "नुसतं बरं?"

"बसा इथे. पट्टी गुंडाळा."

मी पाचर कापायची, खोड चिरायचं, काडी खाली सरकवायची, सालीला साल लावायची. हे पट्टी गुंडाळायचे. जन्मभर लोकांच्या मानेभोवती कापड गुंडाळलेलं, ना सैल ना घट्ट. हात थरथरत होता, पण पट्टीला त्याचं काही नव्हतं, फेऱ्यावर फेरा बसत होता. ओल टिकावी म्हणून वर एकेक पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी चढवली. ऊन उतरलं तेव्हा परसात रोपांची एक ओळ उभी होती, टोप्या घालून, आणि आमच्या दोघांच्या कमरेचे काटे ढिले झाले होते.

मग वाट बघणं. ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. हे सकाळी उठले की आधी परसात. मग दुपारी. मग उगाच. एक काडी वाळली, मग दुसरी, मग शेजारची तिसरी. हे पुन्हा ताटावरून अर्धवट उठायला लागले. मी नर्सरीत दुसऱ्यांची कलमं बांधत होते आणि डोळ्यांसमोर आमच्या परसातली ओळ. माझ्यासारख्या बाईला एवढी धाकधूक शोभत नाही. पण होती.

एका सकाळी मी चहा टाकत होते. मागून ओरडण्याचा आवाज आला. पळत गेले, मला वाटलं पडले-बिडले की काय. हे गुडघ्यांवर बसले होते. टोपीच्या आत एका डोळ्यातून हिरवं टोक वर आलं होतं, उंदराच्या कानाएवढं. शेजारच्या रोपावरही. आणि त्याच्यापलीकडे आणखी एक.

"लागलं," हे म्हणाले. "धार होती म्हणून लागलं."

"हात होता म्हणून लागलं," मी म्हटलं.

"धार नसती तर नुसता हात काय करणार होता?"

"ती धार बिघडवली कुणी होती?"

"बिघडवली होती, मग केली ना? आणि पट्टी कुणी बांधली? तुझी पट्टी बघितलीय मी, नर्सरीतली. गळफास लावल्यासारखी!"

मी तिथेच रोपाशी बसून रडले. भांडता भांडता. ह्यांना वाटलं पट्टीचं फार लागलं मला, म्हणून जरा नरमले, तर मी म्हटलं, "नरमू नका हो, बोला, आणखी बोला."

त्या दिवशी नर्सरीतून घरी आले तर धाड धाड आवाज. परसात हे पहार घेऊन उभे होते, घामानं निथळत, आणि माझ्या परसाची फरशी, मी हौसेनं, कारागिराच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतलेली फरशी, एका कोपऱ्यात फुटून पडली होती.

"अहो! हे काय?"

"खड्डा," हे म्हणाले. "पिशवीत किती दिवस राहणार ते? अजून कोवळं आहे, पण जागा आत्ताच करून ठेवायला हवी. माती उन्हात तापायला हवी, खत मुरायला हवं. तिसऱ्या वर्षी फळ धरेल. पहिलं मी खाणार, आत्ताच सांगून ठेवतो. मग वाद नको."

तिसऱ्या वर्षी. ज्या माणसाला उद्याचा दिवससुद्धा नको झाला होता, तो तिसऱ्या वर्षीच्या पेरूवर आजच हक्क सांगत होता. माझ्या तोंडाशी आलेलं सगळं, फरशीचं, कारागिराचं, धुळीचं, तिथल्या तिथे राहिलं. मी कोपऱ्याकडे बघितलं. भिंतीची सावली दुपारपासून तिथेच पडते.

"तिथे काय खणताय, तिथे ऊन नाही," मी म्हटलं आणि परसाच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिले, जिथे फरशी अजून अख्खी होती. "इथे फोडा."